दोरी लांब, झोका लहान

वेचणीच्या दिवसांत यवतमाळहून पांढरकवड्याकडे किंवा दारव्ह्याकडे एसटीने निघालात, तर पऱ्हाटीच्या तासांमध्ये वाकलेल्या बाया दिसतात आणि जरा पुढे धुऱ्यावरच्या निंबाला टांगलेलं एखादं जुनं लुगडंही दिसतं. लुगड्याची दोन्ही टोकं फांदीला बांधलेली, खाली झोळीत पाच-सहा महिन्यांचं लेकरू. कापड मिटून लेकराच्या तोंडावर येऊ नये म्हणून मधे एक आडवी काडी अडकवलेली असते. झोक्याला लांब दोरी असते आणि तिचं दुसरं टोक सावलीत बसलेल्या सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या पायाच्या अंगठ्यात असतं. ती मातीत घर-घर खेळते आणि खेळता खेळता पाय हलवते. खेळ रंगला की पाय थांबतो. थोड्या वेळाने झोक्यातून कुरकुर ऐकू येते, तासातली आई मान वर करून हाक मारते आणि पाय पुन्हा सुरू होतो.

मोठ्या माणसांची सोय घरात, बंगईवर. सागवानी फळी, चार साखळ्या आणि वरच्या लाकडी तुळईत चार कड्या, एवढाच तिचा कारभार. सागाच्या जंगलांचा हा जिल्हा असल्यामुळे जुन्या ऐसपैस घरांतून बंगई असायचीच. दुपारी जेवण झालं की तिच्यावर आडवं व्हायचं, एक पाय खाली सोडून अंगठ्याने जमिनीला हलकासा रेटा द्यायचा. पाय कधी थांबला हे झोपणाऱ्याला कळत नाही. रात्री मात्र हाच माणूस बंगई सोडून अंगणातल्या बाजेवर जातो. डुलकी बंगईवर आणि झोप बाजेवर, ही वाटणी कुणी शिकवली नव्हती. ती बरीचशी बरोबर होती, असं आता प्रयोगशाळेतून कळतं आहे.

हलणाऱ्या अंथरुणावर झोप लवकर का लागते, हा प्रश्न स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा विद्यापीठातल्या मेंदूशास्त्रज्ञांनी हातात घेतला. सोफी श्वार्ट्झ, मिशेल म्यूलेथालर, लॉरेन्स बायर ही त्यांतली मुख्य नावं. २०११ मध्ये त्यांनी १२ पुरुषांना दुपारी दोन वेगवेगळ्या दिवशी ४५-४५ मिनिटं एका खास पलंगावर झोपवलं. एकदा पलंग स्थिर, एकदा हलता. हलणं म्हणजे काय, तर चार सेकंदांत एक फेरी आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम दहा सेंटिमीटर अंतर. डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी टिपल्या. पलंग हलता असताना डुलकीच्या कच्च्या पायरीवरून पुढच्या, जरा पक्क्या झोपेत माणूस लवकर उतरला. संथ लहरी वाढल्या आणि स्पिंडल नावाचे लहरींचे छोटे पुंजकेही वाढले. झोप टिकून राहण्याशी आणि आठवणी पक्क्या होण्याशी या पुंजक्यांचा संबंध आहे, असं मानलं जातं.

मग २०१९ मध्ये त्यांनी १८ तरुण मुलामुलींना अख्खी रात्र तसंच झोपवलं. पलंग पहाटेपर्यंत त्याच चालीने हलत होता. त्या रात्री झोप लवकर लागली, गाढ झोपेचा वेळ वाढला आणि मधेमधे जाग कमी आली. झोपण्याआधी शब्दांच्या जोड्या पाठ करायला दिल्या होत्या, त्या सकाळी जास्त आठवल्या. मेंदूतल्या संथ लहरी पलंगाच्या तालाशी जुळवून घेताना दिसल्या.

हा अभ्यास ज्या नियतकालिकाच्या अंकात आला, त्याच अंकात लोझान विद्यापीठातल्या पॉल फ्रँकेन यांच्या गटाचा उंदरांवरचा प्रयोगही छापून आला, आणि मला तो जास्त पटतो, कारण असं का होतं हे तो सांगतो. उंदरांचे पिंजरे हलवले तर उंदीरही जास्त झोपतात, फक्त त्यांना माणसाच्या चौपट वेगाने, सेकंदाला एक फेरी या हिशेबाने हलवावं लागतं. ज्या उंदरांच्या कानातले तोल कळवणारे कण जन्मतःच कामाचे नव्हते, त्यांच्यावर मात्र हलवण्याचा काहीच परिणाम झाला नाही. म्हणजे झोका आधी कानाला कळतो आणि कानाकडून मेंदूला.

हे कण तुमच्या-माझ्याही कानात आहेत. कानाच्या आतल्या भागात दोन चिमुकल्या पिशव्या असतात. त्यांत चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक पसरलेले असतात. वणी-मुकुटबनच्या जमिनीतून सिमेंटसाठी जो चुनखडक काढतात, त्यातलं मुख्य द्रव्य हेच. डोकं एका बाजूला सरकलं की हे जड कण क्षणभर मागे राहतात, खालच्या पेशींवरचे केस वाकतात आणि मेंदूला खबर जाते. गंमत अशी की वेग एकसारखा असेल तर कण गप्प बसतात, वेग बदलला की बोलतात. झोक्याचा वेग सतत बदलत असतो. टोकाला तो शून्य होतो, मधे सगळ्यात जास्त. त्यामुळे झोक्यावर कानाला एकसुरी, ठरावीक अंतराने येणारी, कसलीही भीती नसलेली खबर मिळत राहते. मोठा, दचकवणारा हेलकावा हीच खबर ओरडून देतो आणि माणूस जागा होतो. शाळेच्या मैदानातल्या झोक्यावर कुणी झोपत नाही, ते याच कारणाने.

आता दुसरी बाजू. झुरिकच्या इटीएच या तंत्रविद्यापीठातल्या गटाने २०१८ मध्ये २० ते २८ वयाच्या १८ पुरुषांवर असाच प्रयोग केला. एका रात्री झोप लागेपर्यंत पलंग हलवला, एका रात्री दोन तास, एका रात्री अजिबात नाही. हलत्या रात्री लोकांना आवडल्या, पण झोप काही लवकर लागली नाही आणि पाठांतरातही फरक पडला नाही. संशोधकांनी दिलेलं कारण प्रामाणिक आहे: ही मंडळी स्थिर पलंगावरच इतकी छान झोपत होती की अंथरुणातला ९६ टक्के वेळ झोपेतच जात होता. त्यात आणखी भर ती काय पडणार!

आकडे बघा, १२, १८, १८. सगळे तरुण आणि धडधाकट. एवढ्या भांडवलावर ‘झोपेच्या गोळ्या फेका, बंगई बांधा’ असं कुणी म्हणू लागलं तर त्याच्यापासून चार हात दूर राहावं. निद्रानाश जुना असेल तर आज डॉक्टर पहिला उपाय सुचवतात तो झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलची धास्ती बदलण्याच्या समुपदेशनाचा. घोरता घोरता श्वास अडकत असेल तर तो वेगळाच आजार, त्याची तपासणीच करावी लागते. आणि आपल्या जिल्ह्यात झोप उडण्याची कितीतरी कारणं पलंगाशी संबंधित नाहीतच. रोही आणि डुकरं पीक खातात म्हणून शेतकरी जागलीला जातो. ओलिताची वीज आठवड्यातले काही दिवस रात्री येते, तेव्हा मोटार सुरू करायला अंधारात उठावं लागतं. वणीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराची पाळी दर थोड्या दिवसांनी बदलते. अशांना दिवसा मिळेल तेवढी झोप पदरात पाडून घ्यावी लागते, आणि झोक्याचा खरा उपयोग तिथे आहे असं मला वाटतं.

दुपारच्या झोपेला आळशीपणा म्हणून नाव ठेवणाऱ्यांनी चेन्नईतला एक अभ्यास जरूर बघावा. अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या कमी उत्पन्नाच्या ४५२ माणसांच्या झोपेची नोंद घेतली. ही माणसं रात्री सुमारे आठ तास अंथरुणात असत, पण प्रत्यक्ष झोप साडेपाच तासांच्या आसपास. उकाडा, डास, आवाज, उजेड, सगळे ओळखीचे शत्रू. त्यांना डोळ्यांवरच्या पट्ट्या, कानातले बोळे, गाद्या वगैरे देऊन रात्रीची झोप जवळपास अर्ध्या तासाने वाढवली, तरी कामात फरक दिसला नाही. मात्र कामाच्या ठिकाणी दुपारी अर्धा तास शांतपणे झोपू दिलं, तेव्हा तेवढ्या वेळातलं काम सुधारलं, लक्ष सुधारलं, मनही बरं राहिलं. हा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दुपारच्या बंगईची वकिली करायला मला तेवढा पुरे आहे.

तर मग घरी बांधायचीच झाली तर कशी? इथे लोक आधी लाकडाचा विचार करतात, मग पितळी साखळ्यांचा, मग मोर-पोपटांच्या नक्षीचा. झोपेच्या दृष्टीने पहिला प्रश्न आहे दोरीची लांबी, कारण झोक्याची चाल तिच्यावरच ठरते. वर बसलेला माणूस ४० किलोचा असो की ९० किलोचा, फेरीचा वेळ बदलत नाही. फळी सागाची असो की बाभळीची, तरी नाही. हिशेब सोपा आहे. कडीपासून फळीपर्यंतची उभी लांबी मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला दोनाने गुणा. जो आकडा येईल तितके सेकंद एका पूर्ण फेरीला लागतात.

एक मीटर दोरीला दोन सेकंद. धुऱ्यावरचा लुगड्याचा झोका साधारण याच मापाचा असतो आणि लेकराला ती चाल मानवते. चार मीटर दोरीला चार सेकंद. म्हणजे जिनिव्हाच्या यंत्राची चाल हवी असेल तर कडी फळीच्या वर सुमारे तेरा फुटांवर हवी. ती चाल आंब्याच्या फांदीला मिळेल, देवळाच्या मंडपात मिळेल, जिनिंगच्या उंच शेडमध्ये मिळेल. घरात कुठून मिळणार! दहा फूट उंचीच्या स्लॅबखाली, फळी जमिनीपासून दीड-दोन फुटांवर ठेवली, तर साखळीला आठ फूट उरतात. आठ फूट म्हणजे सुमारे २.४ मीटर, फेरी ३.१ सेकंदांची, मिनिटाला एकोणीस. जुन्या घरातल्या बंगयांचीही चाल याच घरातली. तुमच्याकडे बंगई असेल तर घड्याळ लावून मिनिटाभराच्या फेऱ्या मोजा, साखळी न मोजता तिची लांबी सांगता येईल.

चार सेकंद म्हणजे काही दगडावरची रेघ नाही. जिनिव्हावाल्यांनी ती चाल निवडली, इतकंच. पण दोरी आखूड झाली की एक गोष्ट सांभाळावी लागते. तेवढ्याच अंतराच्या हेलकाव्याला आखूड झोका कानावर जास्त जोर देतो. म्हणून साखळी आठ फुटांची असेल तर हेलकावा दहाऐवजी सहा-सात सेंटिमीटरचाच ठेवावा, म्हणजे मधल्या जागेपासून इकडे तीन आणि तिकडे तीन. पाहणाऱ्याला वाटेल, हे काय हलणं? झोपणाऱ्याला तेवढंच पुरतं. त्यातून वारा लागतो हा मात्र भ्रम. एवढ्या हलण्याने मे महिन्यात अंगाला काहीही वारा लागत नाही, त्यासाठी पंखाच हवा.

एका हौशी वेल्डरने मला विचारलं होतं की टांगायची भानगडच नको, पलंगाला चाकं लावून अर्धगोल रुळावर सोडला तर? कल्पना चांगली वाटते, पण माप करून बघा. चार मीटरच्या झोक्यात फळी मधून पाच सेंटिमीटर बाजूला सरकते तेव्हा ती किती वर उचलली जाते? मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. एवढा बारीक बाक लोखंडाच्या रुळाला हाताने देता येणारच नाही, आणि दिला तरी चाकाची घासण त्याला गिळून टाकेल. टांगलेली दोरी हा बाक आपोआप, अचूक आणि फुकट देते. म्हणून हजारो वर्षांत टांगण्याला कुणी चांगला पर्याय काढला नाही. इंग्लंडच्या आरमाराने १५९७ मध्ये खलाशांसाठी अधिकृतपणे टांगती झोळीच पसंत केली.

सगळ्यात स्वस्त घरगुती पलंग म्हणजे टांगलेली बाज. सुतळीची किंवा नवारीची विणलेली बाज घ्यायची, चार कोपऱ्यांत पाय आणि चौकट जिथे जुळतात तिथे दोर बांधायचे आणि वर चार कड्यांना अडकवायचे. बाजेचे दोन फायदे आहेत. खालून हवा लागते आणि वजन फार नसतं. बंगई हवी तर सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दीड इंच जाड सागवानी फळी सुमारे पस्तीस किलो भरते. साग पावतीनेच घ्या. ‘आपल्याच वावरातलं झाड आहे’ म्हणून परस्पर तोडलेला साग वनविभागाच्या नाक्यावर महागात पडतो. कडुनिंबाची फळीही चालते, ती फक्त नीट वाळलेली हवी, नाहीतर वर्षभरात पीळ पडतो.

दोर चार हवेत आणि ते सगळे सारख्या लांबीचे. चारही दोर शेवटी वर एकाच कडीत बांधले तर फळी हलताना कलते आणि गोलही फिरते, अशाने पोटात ढवळतं. चार वेगळ्या कड्या असल्या की फळी कितीही हलली तरी सपाट राहते. आणखी एक सुताराची युक्ती आहे. वरच्या कड्या डोक्याच्या आणि पायाच्या बाजूला थोड्या बाहेर काढाव्यात, साखळ्या लांबीच्या बाजूने वर जाताना फाकलेल्या दिसतील अशा. त्याने पुढे-मागे हलणं आवरतं आणि फळी आडवी, डाव्या-उजव्या बाजूला तेवढी हलते. प्रयोगशाळेतला पलंगही आडवाच हलत होता. अशा वेळी हिशेबात साखळीची तिरपी लांबी धरू नये, कडीपासून फळीपर्यंतची उभी उंची धरावी.

नायलॉनचा दोर ताणला जातो, काथ्याचा हळूहळू लांबतो आणि एक कोपरा खाली जातो. साखळी बरी. पण साखळीची कडी लोखंडी हुकात घासते आणि मध्यरात्री कुंई-कुंई करते. ज्यासाठी एवढा खटाटोप केला ती झोपच त्याने उडते. बेअरिंग बसवलेले हुक मिळतात ते लावावेत, निदान महिन्यातून एकदा ग्रीस तरी लावावं.

आता कडी. या एका ठिकाणी कंजुषी केली तर बाकी सगळं व्यर्थ. हिशेब रात्री झोपणाऱ्या एका माणसाचा करायचा नाही, दिवाळीत आलेल्या चार पाहुण्यांचा करायचा. ते बंगईवर एकदम बसणार, त्यांची पोरं उड्या मारणार. चारांपैकी कुठलीही एक कडी एकटीने हे सगळं वजन पेलेल इतकी ती दणकट हवी. पंख्याच्या हुकाला बंगई टांगणं म्हणजे अपघाताला आवतण. नवीन घर असेल तर स्लॅब टाकायच्या आधीच मिस्त्रीला सांगून सोळा मिलिमीटरची सळई वाकवून, स्लॅबच्या जाळीत नीट अडकवून कड्या सोडून घ्याव्यात. स्लॅब झाल्यावर ड्रिल मारून ठोकलेले साधे बोल्ट खाली ओढणाऱ्या आणि रोज हलणाऱ्या वजनाला भरवशाचे नाहीत. त्यापेक्षा भिंतीपासून भिंतीपर्यंत लोखंडी गर्डर टाकावा किंवा वेल्डिंगवाल्याकडून जाड चौकोनी पाइपचा स्टँड करून घ्यावा. स्टँडची उंची मात्र सहसा सहा-साडेसहा फूटच असते, त्यामुळे फेरी अडीच सेकंदांच्या खाली येते. टिनाच्या घरातल्या छताच्या पाइपवर तर काहीच टांगू नये. जुन्या घरात लाकडी तुळई असेल तर हुक नुसता पिळून बसवू नका, आरपार बोल्ट घालून वर पट्टी आणि नट लावा. त्याआधी तुळईचं भिंतीत गेलेलं टोक हातोडीने वाजवून बघा. आवाज पोकळ आला तर वाळवी आधीच आत राहायला आली आहे.

रात्रभर हलवत ठेवायला मोटार लावावी का? इंटरनेटवर गाडीच्या वायपरची मोटार लावलेले पलंग दिसतात. अडचण अशी की वायपरची मोटार मिनिटाला चाळीसहून जास्त फेरे घेते आणि तुमच्या झोक्याची स्वतःची चाल एकोणीसची. झोक्याला त्याच्या चालीबाहेर रेटलं की तो हिसके देतो. वेग नेमका जुळवला तर मात्र ताकद नगण्य लागते. माणूस आणि फळी मिळून शंभर किलो धरा. आठ फुटांच्या साखळीवर त्यांना अगदी पाच सेंटिमीटर बाजूला न्यायलाही जी ऊर्जा लागते, ती एक किलोचं वजन पाच सेंटिमीटर वर उचलायला लागते तेवढीच. पुढे प्रत्येक फेरीत तिचा थोडासाच भाग हवेत आणि कड्यांत खर्च होतो, तेवढी भर घातली की झालं. सहा वर्षांच्या मुलीचा अंगठा हे काम करतो तो यामुळे. माझं मत विचाराल तर मोटार नकोच. झोपताना एकदा रेटा द्या, झोका आपल्या मरणाने मंदावू द्या. बाजारात मिळणाऱ्या बाळाच्या पाळण्याच्या मोटारी आणि स्प्रिंगा मोठ्या माणसाच्या पलंगाला जोडण्याचा तर विचारही करू नये, त्या पाच-दहा किलोंच्या हिशेबाने बनवलेल्या असतात.

काहींनी या वाटेला जाऊ नये. एसटीत बसल्यावर ज्यांना मळमळतं त्यांना चार सेकंदांचा झोकाही सोसेलच असं नाही. कूस बदलल्यावर घर फिरतं असा चक्करचा आजार असतो, त्यात कानातले तेच चुनखडीचे कण जागा सोडून भलत्या नळीत गेलेले असतात. अशा माणसाला हलत्या अंथरुणावर झोपवणं म्हणजे दुखण्यावर बोट ठेवणं. म्हाताऱ्या माणसांसाठी धोका झोपण्यात नाही, उठण्यात आहे. लघवीला उठताना हात टेकला आणि फळी सरकली तर खुब्याचं हाड मोडायला वेळ लागत नाही. फळी गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेवा, भिंतीपासून सगळीकडून दीड-दोन फूट अंतर ठेवा आणि बाजूच्या भिंतीला साखळी व आकडा लावा, म्हणजे उठण्यापूर्वी झोका अडकवता येईल. तो आकडा झोपलेल्याच्या हाताला लागेल असा हवा, सुनेने येऊन लावावा असा नको.

तान्ह्या बाळांचा मामला वेगळा आणि तिथे झोक्याची चाल हा दुय्यम प्रश्न आहे. खोल झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. अमेरिकेत एका कंपनीने २०१९ मध्ये बाळांचे सुमारे ४७ लाख उतरते झुलते पाळणे परत मागवले, कारण त्यांत झोपलेली बाळं दगावली होती. पुढे २०२२ मध्ये तिथे तशा उतरत्या पाळण्यांवर कायद्याने बंदी आली. बालरोगतज्ज्ञ सांगतात ते एवढंच: बाळ झोपलं की सपाट, जरा कडक अंथरुणावर पाठीवर ठेवा. जपानच्या रिकेन संस्थेतल्या कुरोदा यांच्या गटाने २०२२ मध्ये यासाठी एक रीत सांगितली. रडणाऱ्या बाळाला उचलून पाच मिनिटं चालत फिरवा, झोपल्यावर लगेच खाली ठेवू नका, पाच ते आठ मिनिटं मांडीवर घेऊन बसा, मग ठेवा. लगेच ठेवलं की ते जागं होतं, हे आपल्या आज्यांना सांगायला नको. आणि घरात टांगलेल्या साडीच्या झोक्याला मोठी मुलं पीळ घालून खेळतात, त्यात गळ्याला फास बसल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतच असतात. बाळ झोक्यात नसेल तेव्हा साडी सोडून ठेवणं हा त्यावरचा बिनखर्ची उपाय.

वेचणीला गेलेल्या बाईला मात्र हे सगळं सांगायचं कोणत्या तोंडाने? उन्हात, इंगळ्या-विंचवांच्या जमिनीवर सपाट अंथरूण ती कुठे घालणार! तिच्यापुरतं काडी नीट अडकवणं, कापड घट्ट ताणून झोळी उथळ ठेवणं आणि झोका तासातून दिसेल अशा झाडाला बांधणं, एवढं हातात आहे, आणि बहुतेक जणी ते करतातच.

तुमचं घर बांधायला निघालं असेल तर स्लॅबच्या दिवशी चार कड्यांचं मिस्त्रीला आठवणीने सांगा. त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष मिक्सरकडे आणि जेवणावळीकडे असतं, त्यात कड्या राहून जातात. बंगई पुढेमागे करा. नाहीच केली तर उन्हाळ्यात लसणाच्या जुड्या टांगायला कड्या कामी येतात.